टेन्शन म्हणजे काय, सर?

एक टनाचा नग दोन बाजूंनी दोर बांधून हुकाला लटकवा. दोरांमधला कोन जेवढा फाकेल तेवढा ताण वाढतो. कोन १२० अंश झाला की एकेका दोरावर अख्खा एक टन. दोर तुटतो, खालचा माणूस मरतो. गोदीत मुकादमानं मला हे हात फाकवून पाच मिनिटांत शिकवलं. मी दहावी पास.

माझ्या वस्तीतला दोस्त बी.एस्सी.ला गेला. शाळा मराठीत, बारावी पाठांतरावर काढलेली. त्याच्या वहीत तेच चित्र, तोच नग, तेच दोर! खाली इंग्रजीचं गचपण. वर्गात त्यानं विचारलं होतं, "सर, टेन्शन म्हणजे काय?" वर्ग हसला. सरही हसले. पोरगा परत उठला नाही. मी हात फाकवून दाखवले तेव्हा म्हणाला, "एवढंच व्हय?" तोवर नापास झाला होता.

मग हे म्हणणार, राखीव जागेवरचे, डोकं कमी. साल्यांनो, फिजिक्सच्या नावाखाली तुम्ही परीक्षा इंग्रजीची घेतलीत!

दुसरी टोळी मायमराठीवाल्यांची. यांची पोरं कॉन्व्हेंटात, आम्हाला मात्र अपवर्तन, अपस्करण. ही कुणाच्या आयची बोली? १९१८ ला हैद्राबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथं डॉक्टरकीसुद्धा उर्दूत शिकवली. म्हणजे इंग्रजीवाचून सायन्स अडत नाही. पण तिथल्या तेलुगू-मराठी पोरांना ती उर्दू तरी कुठं घरची होती?

इंग्रजी आम्हाला पाहिजेच. बाबासाहेबांनी १९३६ ला जातीचा कोथळा काढला तो इंग्रजीतच. हे हत्यार आम्ही सोडणार नाही. पण शिकवाल तर येईल ना!

गोदीत क्रेनला वर घ्यायला 'हबेस', खाली सोडायला 'आरिया'. आरिया पोर्तुगीजांचा, म्हणून नग खाली यायचा राहत नाही. टेन्शनला टेन्शनच म्हणा, पण ते काय करतं ते आमच्या बोलीत सांगा. प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत छापा. उत्तर मिसळ भाषेत लिहिलं तरी गणिताचे मार्क द्या. पहिल्या वर्षी रोज एक तास इंग्रजी शिकवा, फुकट, कॉलेजच्या वेळेत. क्लासची फी भरायला आमच्याकडं बापाची इस्टेट नाही.

आणि हसणाऱ्या सरांना एक दिवस गोदीत पाठवा. हुकाखाली उभं करू. टेन्शन मुकादम सांगेल, मराठीत.