सिद्धतेतले छिद्र

तत्त्वज्ञान मेले, असा निर्वाळा स्टीफन हॉकिंग यांनी २०१० साली ‘द ग्रँड डिझाइन’च्या पहिल्याच प्रकरणात देऊन टाकला. तत्त्वज्ञांना आधुनिक विज्ञानाची, त्यातही भौतिकशास्त्राची, गती झेपली नाही, हे मृत्यूचे कारण. पुढे त्याच पुस्तकात वास्तव कशाला म्हणावे याची लांबलचक चर्चा आहे. ती कोणत्याही प्रयोगशाळेत तपासता येणारी नाही, शुद्ध तत्त्वज्ञानच आहे, पण ते असो. हॉकिंग यांच्या तक्रारीत तथ्य नाही असे मुळीच नाही. एकही समीकरण न सोडवता सापेक्षतेवर पानेच्या पाने लिहिणारे विद्वान सर्व देशांत आहेत. मात्र या अबोल्याची किंमत नेहमी तत्त्वज्ञानानेच मोजली असा समज असेल, तर ग्रेटे हेरमान यांची हकिकत ऐकावी.

१९३२ साली जॉन फॉन नॉयमन यांचे क्वांटम यामिकीच्या गणिती पायाविषयीचे पुस्तक जर्मनमध्ये निघाले. किरणोत्सारी अणू नेमका केव्हा फुटेल हे क्वांटम सिद्धान्त सांगत नाही, फक्त शक्यता सांगतो. मग ही अनिश्चितता आपल्या अज्ञानाची समजायची काय? आत काही छुपे घटक असतील आणि ते कळले की सगळे निश्चित सांगता येईल, असे का नसावे? असे घटक असूच शकत नाहीत, अशी गणिती सिद्धता फॉन नॉयमन यांनी दिली. निदान वाचणाऱ्यांनी तिचा अर्थ तसा घेतला. त्यांचा गणितातला दबदबाच असा, की पुष्कळांनी सिद्धता न उलगडताच निकाल मान्य केला.

हेरमान यांनी ती उलगडली. ग्यॉटिंगेनला एमी नोएथर यांच्या हाताखाली बीजगणितात डॉक्टरेट केलेल्या या बाई नंतर लेओनार्ड नेल्सन यांच्याबरोबर तत्त्वज्ञानाकडे वळल्या. कांट त्यांनी पचवला होता. कार्यकारणभावाशिवाय विज्ञानच संभवत नाही ही कांटची भूमिका, आणि क्वांटमवाले तर कारणच नाही म्हणतात. तेव्हा १९३४ साली त्या थेट लाइपझिगला हायझेनबर्ग यांच्याकडे वाद घालायला गेल्या. हायझेनबर्ग यांना ती चर्चा इतकी मोलाची वाटली की पुढे आठवणी लिहिताना त्यांनी तिला एक प्रकरण दिले.

१९३५च्या आपल्या निबंधात हेरमान यांनी त्या सिद्धतेवर बोट ठेवले. दोन राशींच्या बेरजेची सरासरी ही त्यांच्या सरासऱ्यांच्या बेरजेइतकी असते, असे फॉन नॉयमन धरून चालतात. नेहमीच्या क्वांटम अवस्थांपुरते ते खरेच आहे. पण ज्या दोन राशी एकाच वेळी मोजताच येत नाहीत, त्यांच्याबाबतीत छुप्या घटकांनी ठरलेल्या काल्पनिक अवस्थांनीही हा नियम का पाळावा? तो तिथेही लागू धरला की छुपे घटक तिथेच बाद होतात, पुढची आकडेमोड नुसती औपचारिकता उरते. आपल्या नैयायिकांनी अशा हेतूला साध्यसम म्हणून केव्हाच हेत्वाभासांत बसवले आहे. गंमत अशी, की छुपे घटक शोधण्याची गरज नाही, या मताला हेरमानही शेवटी आल्या. पण त्यांची कारणे वेगळी होती. निष्कर्ष पटणारा असला म्हणून सदोष पुरावा त्यांनी चालवून घेतला नाही.

याची दखल जवळजवळ कोणी घेतली नाही. निबंध छापला तत्त्वज्ञानाच्या एका पंथाच्या नियतकालिकात, लेखिकेकडे भौतिकशास्त्रातली पदवी नाही, शिवाय ती बाई. त्यात हिटलरविरोधी कामामुळे १९३६ साली देश सोडावा लागला. यांतले कोणते कारण किती भारी ठरले हे तोलत बसण्यात अर्थ नाही. १९५२ साली डेव्हिड बोम यांनी छुप्या घटकांचा एक चालता सिद्धान्त उभा करून दाखवला, तरीही फॉन नॉयमन यांचा दाखला दिला जातच राहिला. तेच छिद्र जॉन बेल यांनी स्वतंत्रपणे शोधले आणि ते १९६६ साली छापून आले, हेरमान यांच्यानंतर ३१ वर्षांनी.

बेल यांची नोकरी सर्नमध्ये. कणत्वरकांवरचे काम आणि कणभौतिकी हा त्यांचा पेशा. असले ‘तात्त्विक’ प्रश्न त्यांनी अमेरिकेतल्या रजेत हाताळले. १९६४ साली त्यांनी मांडलेल्या असमानतेमुळे, तोवर चहाच्या टेबलावरचा मानला गेलेला वाद प्रयोगाने सोडवता येण्याजोगा झाला. १९६९ साली त्या असमानतेला प्रयोगजोगे रूप देणाऱ्या चौघांपैकी अ‍ॅब्नर शिमनी यांच्याकडे तत्त्वज्ञान आणि भौतिकशास्त्र या दोन्ही विषयांतल्या डॉक्टरेट होत्या. दुसरे जॉन क्लाउझर. त्यांनी १९७२ साली बर्कलीत स्टुअर्ट फ्रीडमन यांच्यासह पहिली चाचणी घेतली आणि निकाल क्वांटमच्या बाजूने लागला. आइन्स्टाइन यांना हवे होते तसले, दूरवरून परिणाम न करणारे छुपे घटक त्यात टिकले नाहीत. एवढे करूनही क्लाउझर यांना प्राध्यापकाची कायमची जागा काही मिळाली नाही. असल्या प्रश्नांत वेळ घालवणारा माणूस विभागांना नको होता. नोबेल मिळाले २०२२ साली, अलँ आस्पे आणि आन्टोन झाइलिंगर यांच्यासमवेत.

आपल्याकडे दुखणे निराळे. इथे तत्त्वज्ञान आणि भौतिकी यांचे लग्न लावायला सभागृहे भरतात. श्रोडिंगर उपनिषदे आवडीने वाचत, हे खरे. त्यावरून क्वांटमने वेदान्त सिद्ध केला इथपर्यंत वक्ते एका उडीत पोचतात. हेरमान यांनी आवडत्या कांटलाही अशी सवलत दिली नव्हती. २०२३ साली केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३ कोटींहून अधिक रुपये मंजूर केले, आणि त्याचे एक केंद्र पवईला आयआयटीत आहे. तिथवर पोचणारी मुले अकरावीला विज्ञान घेतात. युक्तिवादातला दोष कसा पकडायचा हे शिकवणारा तर्कशास्त्र नावाचा विषय राज्य मंडळाकडे आहे. तो बहुतेक करून कला शाखेची मुले घेतात.