घाटाचे फोटो झाले, आता रस्त्याकडे बघू

पालखी पुण्याहून सासवडला येते त्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एकच फोटो फिरतो. दिवे घाटाची वळणं, पांढऱ्या टोप्या, भगव्या पताका, मधोमध माऊलींचा रथ. फोटो देखणाच असतो, आम्ही पत्रकारही दरवर्षी तोच छापतो. पण त्या फोटोत जे दिसत नाही त्याबद्दल आज लिहितोय. थोडं लांबलंय, पण वाचा.

आधी त्या दिवसाचा हिशोब बघा. आळंदी ते पंढरपूर वाटेतला हा सगळ्यात दमवणारा टप्पा. पहाटे पुणे सोडायचं, हडपसर, उरुळी देवाची, वडकी नाला करत घाटाच्या पायथ्याला यायचं, घाट चढायचा आणि वर आल्यावरही झेंडेवाडी, पवारवाडी करत सासवड गाठायचं. एकूण सुमारे तीस किलोमीटर. त्यात बहुतेक वर्षी नेमकी एकादशी. म्हणजे पोटात काय, तर केळं, खिचडी, शेंगदाण्याचा लाडू. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. साठीतल्या मावशीला जादा पाय कुठून लावणार?

आता मुद्द्याचं. निम्म्या दिंड्या बायाबापड्यांनीच भरलेल्या असतात. मुक्कामाच्या ठिकाणी फिरती शौचालयं असतात, 'निर्मल वारी'मुळे गेल्या काही वर्षांत तिथं खूप फरक पडलाय, हे मान्य. पण मुक्काम म्हणजे रात्र. दिवसभराचं काय? दिंडीचा ट्रक आणि टँकर पुढे निघून गेलेला असतो, रस्त्याला आडोसा नाही, मागेपुढे हजारो माणसं. मग बाया काय करतात? पाणीच कमी पितात. उपवास, चढ आणि वर पाणी नाही. चक्कर येऊन बसलेल्या बाईला आपण लिंबूपाणी देतो आणि पुण्य पदरात पडलं असं समजतो.

सेवा कमी पडते असं अजिबात नाही. हडपसरच्या बाजूला दर पन्नास पावलांवर केळी, चहा, राजगिऱ्याची चिक्की आणि बिस्किटं. एकादशीला बिस्किटं! हातातलं संपत नाही तोवर दुसरा पुडा. शेवटी साल, कागद, बाटल्या रस्त्यावर. घाटात मात्र गाड्यांना बंदी, तिथं सामान न्यायचं तर डोक्यावरून न्यावं लागतं, म्हणून तिथं मंडप विरळ. जिथं गाडी आणि फ्लेक्स पोचतो तिथं सेवा, जिथं गरज आहे तिथं नाही. कडू वाटेल, पण असंच आहे.

काहीजण म्हणतील, वारी म्हणजे तप, वारकरी कधी सोयी मागत नाही. बरोबर, तो मागत नाही. म्हणून तर न मागता द्यायला हव्यात. ऊन, पाऊस, चढ त्यानं स्वतः पत्करलंय. आडोसा नसणं हे काही तप नाही, ती आपली हयगय आहे.

पालखी महामार्गाचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ ला झालं. दिवे घाट ते मोहोळ सुमारे २२१ किलोमीटर चौपदरी रस्ता, दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट, असं तेव्हा सांगितलं गेलं. रस्ता हवाच. पण वाटेवर सावली आणि ठरावीक अंतरावर बायकांसाठी बंदिस्त जागा नसेल, तर ती वाट वर्षातले अकरा महिने पार्किंगलाच वापरली जाईल.

सरकारचं सरकार बघेल. आपण काय करायचं? मंडळांनो, एका ठिकाणी दहा मंडप नकोत, आधी बसून जागा वाटून घ्या. एखाद्यानं केळ्यांऐवजी चार फिरती शौचालयं भाड्यानं घ्या, सोबत पाणी आणि दोन स्वयंसेविका ठेवा. रस्त्यालगत घर असणाऱ्यांनी त्या दिवशी दारावर पाटी लावावी: 'माऊली, बायकांसाठी न्हाणीघर उघडं आहे.' याला खर्च शून्य. काही घरं हे करतातही, गाजावाजा न करता.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय कोण मांडणार, तेवढं कमेंटमध्ये सांगा. राम कृष्ण हरी.