दरसालचा बांध

लक्ष्मीपूजन अमावास्येचे, आणि अमावास्या उधाणाची. वरळी, माहीम, वेसावे इथल्या कोळीवाड्यांत हे कुणी कुणाला सांगत नाही. होडी कधी लोटायची, जाळे कधी ओढायचे, ते तिथे तिथीवर ठरते. बाकीच्या मुंबईला भरती आठवते ती पावसाळ्यात, महापालिका साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी काढते तेव्हा. वर्तमानपत्रे त्याला ‘साडेचार मीटरच्या लाटा’ म्हणतात. ती उंची लाटेची नसते, नुसत्या चढलेल्या पाण्याची असते. लाट फोटोत दिसते, चढलेले पाणी दिसत नाही; आमच्या दिवाळी अंकाचा यंदाचा विशेष विभाग किनारा या विषयावर करताना हेच मनात होते.

1901 ते 2018 या काळात जगभरच्या समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटरने वाढली. 1971 पर्यंत ही वाढ वर्षाला 1.3 मिलिमीटर होती. 2006 नंतर ती 3.7 वर गेली. तापलेले पाणी फुगते आणि जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात भर घालतो. ऑगस्ट 2021 मध्ये तेव्हाचे महापालिका आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी 2050 पर्यंत नरिमन पॉइंट, कफ परेड आणि मंत्रालयाचा परिसर बहुतांशी पाण्याखाली जाईल, असा इशारा दिला. बातमी गाजली. पण त्या बातमीने एक चुकीचे चित्रही डोक्यात बसवले: समुद्र समोरून येईल, कठडा ओलांडेल आणि मंत्रालयाच्या पायऱ्या चढेल.

तो आधी गटारातून येतो. मुंबईचे पावसाचे पाणी ज्या 186 पातमुखांतून समुद्रात किंवा खाडीत पडते, त्यांतली भरतीच्या पातळीच्या वर आहेत फक्त 6. म्हणजे भरतीच्या वेळी शहर आपले पाणी बाहेर टाकूच शकत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला दिवसभरात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यात भरती आली आणि मिठी नदीचे पाणी माघारी फिरले. पाऊस अपवादात्मक होता, बंद झालेली दारे मात्र रोजचीच. समुद्र जसजसा वर येईल, तसतशी ती अधिक वेळ बंद राहतील. मग साध्या पावसातही हिंदमाता आणि मिलन सबवे तुंबतील, आणि आपण नालेसफाईच्या ठेकेदाराला शिव्या देऊ (ज्या बहुधा त्याच्या हक्काच्याच असतील).

भरतीतही पाणी पंपाने बाहेर फेकण्यासाठी हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशी उदंचन केंद्रे उभी राहिली. मोगरा आणि माहुलची केंद्रे मात्र जागेच्या वादात वर्षानुवर्षे अडकली. पंपासाठी जमीन मिळत नाही अशा या शहराला सागरी किनारा रस्त्यासाठी समुद्रात 111 हेक्टर भराव घालता आला. धारावीच्या पुनर्वसनासाठी सुमारे 256 एकर मिठागरे काढून देता आली. वर्सोवा ते भाईंदर रस्त्यासाठी 45 हजारांवर कांदळवनाची झाडे तोडण्याची परवानगीही न्यायालयातून मिळवता आली. भरतीचे पाणी पसरायला ज्या जागा होत्या, त्याच आपण भरत आहोत. सवय जुनी आहे. 1920 च्या दशकात बॅकबे भराव योजनेतला गैरव्यवहार खुर्शीद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. पुढे त्याच बॅकबेत भर टाकून केलेल्या जमिनीला आपण त्यांचेच नाव दिले.

रायगडचा खारेपाट याहून वेगळे काही जाणतो. तिथली भातशेतीही समुद्राकडूनच मिळवलेली आहे. पण तिथे जमीन एकदा मिळवली की काम संपत नाही. बांध दरसाल चिखलाने लिंपायचा, खेकड्यांनी पोखरलेली बिळे बुजवायची, पाणी सोडणाऱ्या उघाडीची झापे वेळेवर उघडतात की नाही ते पाहायचे. उधाणात खांड पडली तर गावाने मिळून ती पुढच्या उधाणाआधी बांधायची, नाहीतर शेत खारे होऊन पुढची काही वर्षे हातचे जाते. ही राखण गावाच्या हातून शासनाच्या खारभूमी विभागाकडे गेली आणि बरेच बांध निधीची वाट पाहत फुटले. खेड्याचा भूतकाळ मोठा सुंदर होता असे मला म्हणायचे नाही. त्या श्रमांमागे खोतांची पिळवणूकही होती. पण समुद्राशी व्यवहार खरेदीखताने मिटत नाही, त्याचे देणे दरसाल द्यावे लागते, हे त्या शेतकऱ्याला कळत होते.

आपल्याकडे उद्‌घाटनाला निधी असतो, डागडुजीला नसतो. आणि समुद्र रोज पाहणाऱ्यांचे वेळेवर ऐकलेही जात नाही. सागरी किनारा रस्त्याच्या बांधकामात वरळीच्या कोळ्यांनी क्लीव्हलँड बंदराजवळच्या पुलाच्या दोन खांबांमधले अंतर 60 मीटरवरून वाढवून मागितले. पाण्याची ओढ आणि होडीची वळणे ते रोज पाहत होते, तरी 120 मीटरची कबुली मिळवायला त्यांना वर्षे झगडावे लागले. मुंबईचा हवामान कृती आराखडा 2022 मध्ये झाला आणि तो चांगला आहे. त्याच्या अंमलबजावणीच्या बैठकीत भरतीचे वेळापत्रक तोंडपाठ असलेला एक तरी माणूस बसतो का, हे मला पाहायचे आहे.

आमच्या अंकातही समुद्र दिसणाऱ्या सदनिकांच्या जाहिराती आहेत. त्यांच्यावाचून दिवाळी अंक निघत नाही, हे वाचक जाणतातच. समुद्र खिडकीपासून किती जवळ, ते जाहिरातीत असते. आवारातले पाणी ज्या पातमुखातून जाणार ते भरतीच्या किती खाली, ते नसते. घर घेणाऱ्याने हे जरूर विचारावे. विकणाऱ्याला सांगता आले नाही, तर महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या विभागात माहितीचा अर्ज टाकावा.