‘इतर’ नावाचं कपाट

आमच्या भागात एक सार्वजनिक वाचनालय आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं भली आहेत आणि मला तिथे पुन्हा जायचंय. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, ओल आलेल्या भिंतीला टेकून एक लोखंडी कपाट उभं आहे. त्याच्या दारावर खडूने लिहिलंय, ‘इतर’. जुन्या दाखल नोंदवहीत या अख्ख्या कपाटाला एकच ओळ मिळाली आहे: ‘उर्दू/अरबी धार्मिक पुस्तके, ४३ नग’.

नग! खुर्च्यांना नग म्हणतात, पंख्यांना म्हणतात. त्याच नोंदवहीत मराठी कादंबऱ्यांना पानंच्या पानं आहेत. लेखक, प्रकाशक, आवृत्ती, किंमत, सगळं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, घर महाबळेश्वरला. गेल्या वर्षी वाचनालयाची नोंदवही कम्प्युटरवर चढवायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. कोहा नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं, जगभरच्या ग्रंथालयांत चालतं. ते बसवायचं, नोंदी भरायच्या, मुलांना मोबाईलवरून पुस्तकं शोधता यायला हवीत, एवढंच डोक्यात होतं. ‘इतर’ कपाटाकडे मी पहिले दोन महिने पाहिलंही नाही. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी बराच आवाज चढवणार आहे.

मग कळलं की पावसाळा संपला की निर्लेखन आहे. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: जीर्ण, निरुपयोगी ठरलेली पुस्तकं यादीतून काढून रद्दीत घालणं म्हणजे निर्लेखन. समितीने ठराव करायचा. आमच्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुस्तकांना बुरशी लागतेच, त्यामुळे निर्लेखन हा काही गुन्हा नाही. पण यादीत पहिलं नाव होतं त्या कपाटाचं. कारण काय? ‘वाचक नाहीत.’ अहो, ज्या पुस्तकाचं नावच कुठे लिहिलेलं नाही, ते मागणार कोण आणि कसं?

म्हणून मी ते ४३ नग भरायला बसलो आणि एका दुपारीत माझी स्वतःची लाज निघाली.

सुरुवात फोटोंपासून. प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो काढायला एका कॉलेजच्या मुलाला बसवलं होतं. त्याने ४३ पुस्तकांच्या मागच्या पाठीचे फोटो काढले. उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या पुस्तकाचं तोंड आपल्या दृष्टीने ‘मागे’ असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

मग तारखा. एका पुस्तकावर १३२५ हा आकडा होता. तो मुलाने ओळखला, मी तसाच भरला आणि सिस्टीमने त्याला चौदाव्या शतकातलं करून टाकलं. तो हिजरी सन होता. १३२५ म्हणजे साधारण १९०७. दगडी छपाईचं, म्हणजे शिळाप्रेसचं पुस्तक. मी सहाशे वर्षांची चूक केली होती आणि एकाही टेस्टमध्ये ती पकडली गेली नव्हती, कारण टेस्ट मीच लिहिल्या होत्या.

मग नावं. नोंदींची फाईल तयार करायला मी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये ‘आडनाव’ हा रकाना सक्तीचा होता आणि स्क्रिप्ट शेवटच्या शब्दाला आडनाव समजायची. त्यामुळे इब्न बतूता हे गृहस्थ ‘बतूता, इब्न’ झाले, जणू बतूतांच्या घरातला इब्न नावाचा मुलगा. इब्न म्हणजे ‘चा मुलगा’. अल-बिरूनी एकदा ‘अ’मध्ये, एकदा ‘ब’मध्ये. आणि महंमद? महंमद, मोहम्मद, मुहम्मद, महम्मद, मोहंमद. पाच स्पेलिंगं, पाच वेगळी माणसं. श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ आमच्या वाचनालयात दोन प्रतींमध्ये आहे, पण एक स्पेलिंग टाइप केलं तर दुसरी प्रत सापडत नव्हती. त्यावर नुक्त्याची आणखी गंमत. ‘ज़’ हे अक्षर कम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवता येतं. स्क्रीनवर हुबेहूब सारखं दिसतं, मशीनला मात्र ती दोन वेगळी अक्षरं वाटतात.

या सगळ्यावर उपाय आहेत आणि ते जुने आहेत. एका माणसाची सगळी स्पेलिंगं एका नोंदीला बांधून ठेवायची, मूळ लिपीतलं नाव वेगळ्या रकान्यात ठेवायचं, हिजरी आणि इसवी सन दोन्ही लिहायचे. कोहात सगळ्याची सोय आहे. सोय नव्हती ती माझ्या डोक्यात.

शेवटी मी आमच्या बाजारपेठेतल्या शेजारच्या चाचांना घेऊन गेलो. चपलांचं दुकान, वय सत्तरीच्या पुढे, उर्दू शाळेत शिकलेले, अरबी वाचता येतं. ते एकेक पुस्तक उघडत गेले. चौथ्या पुस्तकाला हसले. “अरे बाळा, हे तर गणिताचं आहे. चौथीचं. व्याज काढायचं शिकवलंय.” मग युनानी औषधांचं एक. मग सादीचं गुलिस्ताँ, इसवी सन १२५८ मधलं, फारसी शिकणारा पोरगा पिढ्यान्‌पिढ्या ज्याने सुरुवात करायचा ते. मग गझला, दोन कादंबऱ्या, अरबीचं व्याकरण, एक पाकशास्त्र. ४३ पैकी धार्मिक म्हणता येतील अशी १४ निघाली. उरलेली २९ आम्ही इतकी वर्षं धार्मिक म्हणून ठेवली होती, कारण त्यांची लिपी आम्हाला वाचता येत नव्हती.

माझं भांडण इथे आहे. लिपी पाहून विषय ठरवणं. रोमन लिपीतलं पुस्तक दिसलं म्हणून कोणी ते ‘ख्रिस्ती धार्मिक’मध्ये टाकत नाही. अरबी लिपी दिसली की मात्र डोळे मिटून मशीद. ही चूक डेटा एंट्रीची वाटते, पण ती डेटा एंट्रीच्या आधी झालेली असते.

समितीत मी हे मांडलं तेव्हा पैशांचं कारण आलं, वेळेचं आलं. ती कारणं मी मानतो, गावच्या वाचनालयाला मिळणारं अनुदान किती असतं ते मी पाहिलंय. पण मग एक काका हळूच म्हणाले, “विषय संवेदनशील आहे रे. कशाला उकरायचा? आहे ते बरं आहे.” खरं कारण हे होतं. वाईट हेतूने बोलले नाहीत. पण काका, ज्या कपाटात काय आहे हे कोणालाच माहीत नाही, तेच तर संशयाचं कपाट. उद्या कोणी येऊन ‘हे काय ठेवलंय?’ असं विचारलं तर तुम्ही काय दाखवणार, ‘४३ नग’? की ‘चौथीचं अंकगणित, सादीचं गुलिस्ताँ, पाकशास्त्र’? नोंद हेच संरक्षण आहे, पुस्तकाचंही आणि तुमचंही.

दुसरा एक जण म्हणाला, ही आपली परंपराच नाही.

आमच्या घरी वतनाच्या वादाचा एक मोडी कागद आहे. आजोबांनी तो पेटीत जपला. मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घेतला तेव्हा तारीख निघाली: ‘सन खमस सबैन मया व अलफ, छ ७ रमजान’. मला वाटलं, वाचणाऱ्याची काहीतरी चूक झाली. चूक नव्हती. हे अरबी आकडे आहेत. खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११७५. हा सुहूर सन, मृग नक्षत्रापासून सुरू होणारा. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. म्हणजे कागद १७७४ च्या नोव्हेंबरचा. ‘छ’ म्हणजे चंद्र. मराठी माणसाने, मराठीत, मराठी वतनाबद्दल लिहिलेल्या कागदावरची तारीख अरबीत. शिवाजी महाराजांच्या कितीतरी पत्रांवर हाच सुहूर सन आहे. प्रतापगड आमच्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, तिथला १६५९ चा तो नोव्हेंबर या सनात ‘सितैन अलफ’ होतो, म्हणजे १०६०. हे आकडे ओळखता आले नाहीत तर मराठ्यांच्या इतिहासाचा कागद कालक्रमाने लावताच येणार नाही. आणि ‘तारीख’ हा शब्द तरी कुठला? तपशील? दफ्तर? पारसनीस हे आडनाव म्हणजे फारसनवीस, फारसी लिहिणारा. साताऱ्यात ऐतिहासिक कागदांचा प्रचंड संग्रह उभा करणारे आणि १९१६ साली आमच्या महाबळेश्वरावर इंग्रजीत पुस्तक लिहिणारे दत्तात्रय बळवंत पारसनीस हेच आडनाव लावत होते.

इथे हमखास राज्यव्यवहारकोश काढला जातो. महाराजांनी फारसी शब्द हाकलले ना? हो, राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश त्यांनी करवून घेतला. पण तो उघडून पाहा. हाकलण्याआधी प्रत्येक शब्द नोंदवलाय, वर्ग पाडलेत, अर्थ लावलाय. ज्याला बदलायचं आहे त्याचीही नीट यादी करावी लागते, एवढी शिस्त त्या कामात आहे. ‘इतर, १४०० नग’ असं लिहून कोणी मोकळं झालेलं नाही.

आणि उलट बाजूचं उदाहरण. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न अल-नदीम नावाचा पुस्तकविक्या होता. त्याने आपल्या काळात माहीत असलेल्या पुस्तकांची सूची केली, नाव अल-फिहरिस्त. जुन्या मराठीत यादीला ‘फेरिस्त’ म्हणत, तो हाच शब्द. या सूचीत तो वेगवेगळ्या लोकांच्या लिप्यांपासून सुरुवात करतो आणि पुढे हिंदुस्थानातल्या पंथांनाही स्वतंत्र जागा देतो. त्यातलं काही ऐकीव आहे, काही चुकीचं आहे. पण हजार वर्षांपूर्वी इतक्या लांब बसलेल्या दुकानदाराला आपण ‘इतर’ वाटलो नाही.

ड्यूईला वाटलो. १८७६ साली अमेरिकेत मेल्विल ड्यूईने केलेल्या दशांश वर्गीकरणात २०० ते २९९ हे धर्माचे आकडे. त्यातले बहुतेक ख्रिस्ती धर्माला आणि बाकी सगळं जग २९० मध्ये. हिंदू धर्म २९४.५, इस्लाम २९७. तिथे आपण आणि मुसलमान एकाच ‘इतर’मध्ये शेजारी राहतो. हे अन्यायाचं आहे असं आपल्याकडच्या ग्रंथपालांनी पुष्कळदा म्हटलंय आणि बरोबरच म्हटलंय. रंगनाथनांनी १९३३ साली स्वतःची द्विबिंदू पद्धत काढली, तिच्यात वैदिक धर्म पहिला येतो. मग आपल्याला जे लागलं, तेच आपण मागच्या खोलीतल्या कपाटाला का करतोय? आणि ड्यूईच घ्यायचा तर नीट घ्या की. गुलिस्ताँ २९७ नव्हे, फारसी साहित्य ८९१.५५. उर्दू गझल ८९१.४३९. अंकगणित ५१३. मराठी साहित्य ८९१.४६, म्हणजे गुलिस्ताँचं घर मराठी कवितेपासून दोन बोटांवर आहे. वर्गीकरणात, आणि खरं तर भाषेतही.

आणखी एक गोष्ट सलते. आपला हा मुलूख आदिलशाहीत होता. त्या विजापूरच्या आसार महालातली अरबी-फारसी हस्तलिखितं इंग्रजांनी १८५३ साली लंडनला नेली. तिथे ऑटो लोथ नावाच्या जर्मन विद्वानाने इंडिया ऑफिसच्या अरबी हस्तलिखितांची सूची केली, १८७७ साली छापली, विजापूरची हस्तलिखितं तिच्यात आली. ग्रंथ, कर्ता, पानं, सगळं. इंग्रजांचं कौतुक करायचं नाहीये, नेलं ते नेलंच. पण इथून गेलं त्याला नाव मिळालं आणि इथे राहिलं त्याला नग, हे मला सहन होत नाही.

मागणं अवाढव्य नाही. अरबी शिकायला कोणी सांगत नाहीये. पुस्तकाची भाषा आणि लिपी दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. विषय आतलं पान वाचून ठरवा. नाव मूळ लिपीत आणि देवनागरीत, दोन्ही द्या. आणि वाचता येत नसेल तर गावात ज्याला येतं त्याला बोलवा, चहा पाजा. त्याच रस्त्यावर भिलार आहे, पुस्तकांचं गाव. तिथे घराबाहेर पाटी असते, या घरात अमुक प्रकारचं साहित्य, आणि पाटी वाचून लोक आत जातात. पाटीने एवढं होतं.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सांगायचंय. आपण एआयने हस्ताक्षर वाचून दाखवतो, स्लाइड्स बनवतो, टाळ्या घेतो. त्याच वेळी आपण ‘आडनाव’ रकाना सक्तीचा करतो आणि अर्ध्या जगाला त्यात कोंबतो. हा बग आहे. ‘एज केस’ म्हणून पुढे ढकलू नका.

चाचांनी तीन बैठकांत २६ पुस्तकं वाचून दिली, मी टाइप केली. पाकशास्त्राच्या पुस्तकाला पहिला वाचक मिळाला तो समितीतल्या त्याच काकांच्या सुनेच्या रूपाने. तिला त्यातला खिचड्याचा विधी हवा होता. लिपी येत नाही, म्हणून चाचांनी वाचला आणि तिने मोबाईलवर रेकॉर्ड केला. निर्लेखनाची बैठक ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. दिवाळीच्या सीझनची तयारी सुरू झाली की चाचांना दुकानातून उठता येत नाही. १७ राहिली आहेत. पुढच्या शनिवारी सकाळी लवकर बसायचं ठरलंय.