संगणकाशी मैत्री : पान का गोठतं?



या वेळचा विषय आमच्या मनामातल्या घरातूनच मिळाला. माझी मोठी बहीण, आमची ताई, वय वर्षं 78. तिच्याजवळ कोकणातले जुने फोटो पेटीभर. माझ्या नातवाने, वय 14, ते सगळे स्कॅन केले, मोजून 240. मग त्याने ब्राउझरमध्ये चालणारं एक पान तयार केलं. वर फोटो, खाली ताईने आठवणी टाइप करायची जागा, आणि एक बटण : ‘फोटो साफ करा’. हे बटण दाबलं की डाग, पिवळेपणा निघून जातो.

एका सकाळी ताईने दोन तास बसून लिहिलं. एका फोटोत आमच्या आईशेजारी एक बाई उभी आहे. तिचं नाव, ती कोणाची कोण, हे आता एकट्या ताईला ठाऊक. तेही तिने लिहिलं आणि मग ते बटण दाबलं. झालं! पान गोठलं. अक्षर उमटेना, काही हलेना. ताईने चार-पाच कळा दाबून पाहिल्या. तेवढ्यात एक चौकट आली : पान उत्तर देत नाही, थांबायचं की बंद करायचं? घाबरून तिने बंद केलं. लिहिलेलं सगळं गेलं.

संध्याकाळी नातू शाळेतून आला तर ताई म्हणाली, “बाळा, मीच काहीतरी भलतं दाबलं. आता मी नाही बाई हात लावायची.”

वाचकहो, हेच मला लागलं. आपल्या वयाची माणसं यंत्र अडलं की दोष स्वतःकडे घेतात आणि मग लिहायचंच सोडून देतात. म्हणून आज सांगतो, चूक ताईची नव्हती.

पानामागचा कार्यक्रम एका वेळी एकच काम करतो. त्याला थ्रेड म्हणतात, म्हणजे धागा. तोच एक धागा पान रंगवतो, कळ दाबलेली ऐकतो, बटण सांभाळतो. ज्या जावास्क्रिप्ट भाषेत ही पानं चालतात, ती 1995 साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत उभी केली. तेव्हा पानांवर कामं लहान असत, एक धागा पुरे होई. आता पडदा सेकंदाला साधारण 60 वेळा नव्याने रंगवायचा असतो. आमचा एक फोटो साफ व्हायला दीड सेकंद लागे. 240 फोटो म्हणजे सहा मिनिटं! तेवढा वेळ धागा फोटोंत गुंतलेला, ताईचं ऐकणार कोण?

यावर उपाय आहे. तो समजायला मी नातवाला मुहर्रकला घेऊन गेलो. मनामापासून पूल ओलांडला की मुहर्रक. तिथल्या मोत्यांच्या व्यवसायाच्या जुन्या वाड्या, दुकानं आणि किनारा यांना 2012 साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. तेलाच्या आधी बहरीन जगलं ते मोत्यांवर. तेल इथे 1932 साली लागलं. त्याच सुमाराला जपानी कल्चर्ड मोत्यांनी आणि जागतिक मंदीने मोत्यांचा धंदा बसवला. तोवर इथले मोती आपल्या मुंबईच्या बाजारात येत.

उन्हाळ्यात गलबतं समुद्रात जात. गलबताचा मुख्य तो नौखुदा, आपल्या कोकणातला नाखवाच म्हणा ना. पाणबुड्याला म्हणत गैस. नाकाला चिमटा लावून, पायाशी दगड बांधून तो तळाशी जाई आणि टोपलीत शिंपले भरी. वर त्याचा दोर धरून उभा असे तो सैब. खालच्याने दोराला हिसका दिला की वरचा ओढून घेई. असे बरेच पाणबुडे एकाच वेळी खाली, आणि वर गलबताचं काम बिनबोभाट चालू.

ब्राउझरमध्येही असे पाणबुडे ठेवता येतात. त्यांना वेब वर्कर म्हणतात. फायरफॉक्स 3.5 आणि सफारी 4 मध्ये ही सोय 2009 साली आली, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये 2012 साली. वर्करचा धागा वेगळा. मुख्य धागा त्याला निरोप पाठवतो, “हा फोटो घे.” त्याला फोटोची प्रत मिळते. तो मागे बसून साफ करतो आणि निरोपानेच परत देतो. पानाला मात्र तो हात लावू शकत नाही. पाणबुड्याने खालून शीड ओढायचं नाही, तसंच हे. सगळ्यांनी एकदम पान रंगवायला घेतलं तर गोंधळ होईल, म्हणून हा नियम.

नातवाने विचारलं, “आजोबा, मग 240 वर्कर ठेवू?” नाही रे बाबा. संगणकाच्या मेंदूत गाभे असतात, चार, आठ असे. गाभ्यांहून जास्त वर्कर ठेवले तर ते एकमेकांची वाट बघत बसतात, आणि प्रत्येकजण मेमरी खातो ती वेगळीच. आम्ही चार ठेवले. सहा मिनिटांचं काम दीड मिनिटाच्या थोडं वर गेलं, आणि तेवढ्या वेळात ताई खुशाल टाइप करत होती. पण ध्यानात ठेवा, ज्या कामाचे वाटे होत नाहीत ते वर्कर वाढवून लवकर होत नाही. आणि पान बंद केलं की त्याचे वर्करही थांबतात. गलबतच गेलं तर दोर कोण ओढणार?

आमचे एक स्नेही म्हणाले, “एवढा खटाटोप कशाला? अमेझॉनने 2019 साली बहरीनमध्ये मोठी संगणक केंद्रं सुरू केली, तसल्या ठिकाणी पाठवा फोटो.” ताई म्हणाली, “आईचा फोटो घरातच बरा.” वर्करचं काम आपल्याच संगणकावर होतं, हा त्याचा फायदा.

नातवाने आणखी एक केलं. टाइप केलेलं दर दहा सेकंदांनी आपोआप जपून ठेवायची सोय केली. हे आधी करायला हवं होतं, असं तो स्वतःच म्हणाला.

आजी-आजोबांनो, पान गोठलं तर कळा बडवू नका. चौकट आली तर ‘थांबा’ निवडा आणि चहा घ्या. आणि बालमित्रांनो, घरातलं मोठं माणूस “मीच बिघडवलं” म्हणालं तर हसू नका. शेजारी बसा, काय झालं ते बघा.

त्या फोटोखाली आता त्या बाईचं नाव आहे. ताईने ते दुसऱ्यांदा टाइप केलं.