रक्तगुण नव्हे, कायदा

जपानी खेड्यांतील उष्णोदकाच्या अतिथिगृहांची वर्णने वाचून ‘ती शिस्त त्यांच्या रक्तातच आहे’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. आम्हांस हे मान्य नाही. अंग धुऊनच कुंडात उतरण्याचा तेथील रिवाज जुना खरा. परंतु झरे राखले ते १९४८ च्या कायद्याने आणि कराने. परवान्याविना नवे उत्खनन नाही. पाण्यातील घटक जाहीर लावणे सक्तीचे. दरडोई साधारण १५० येन स्नानकर झऱ्यांचे रक्षण, स्वच्छता, पर्यटन अशा ठरावीक कामांनाच खर्ची पडतो. वज्रेश्वरी, तुरळ, उन्हवरे येथेही निसर्गाने ऊन पाणीच दिले आहे. धारवाडहून घाट उतरून आपण त्यात साबण कालवावा आणि दोष मात्र रक्ताला द्यावा, हा आळस होय. शासनाकडे आधी कायदा मागावा. रक्ताचे मग पाहू.