मूल ऐकत नाही, की त्याला ऐकू येत नाही?

हाक मारली तरी मूल ओ देत नाही, वर्गात लक्ष नाही, म्हणून त्याला मारू नका. आधी कान तपासून घ्या.

नाकाच्या मागून मध्यकर्णापर्यंत एक बारीक नळी जाते. गिळताना, जांभई देताना ती उघडते व कानात हवा खेळती राहते. लहानपणी ती आखूड व आडवी असते. सर्दीने किंवा अॅडेनॉइडच्या गाठी वाढल्याने ती बंद राहिली की पडद्यामागे पाणी साचते. अनेकदा कान दुखत नाही, वाहतही नाही; फक्त कमी ऐकू येते.

डॉक्टर कानाचा पडदा पाहतात, टिंपॅनोमेट्रीने दाब मोजतात. बहुतेक मुलांचे पाणी 3 महिन्यांत आपोआप ओसरते. न ओसरल्यास व ऐकू कमीच येत असल्यास पडद्यात ग्रोमेट ही छोटी नळी बसवतात. कानात तेल घालू नये, बाळाला आडवे निजवून बाटली देऊ नये, घरात विडी ओढू नये.

मोठ्यांनाही सर्दीत, घाटात दडे बसतात. आवंढा गिळल्यावर सुटतात. पण एकाच कानाचा दडा काही आठवडे राहिला, तर नाकामागची जागा दुर्बिणीने तपासून घ्यावी. क्वचित तेथे गाठ निघते.

शिक्षकांनी अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवावे आणि पालकांना सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात पाठवावे.